दुखणे, काळजी आणि आनापान ध्यान

गुडघा दुखतो, हा एक त्रास. 'आता माझे कसे होणार' म्हणून रात्रभर जागणे, हा दुसरा. संयुत्तनिकायात बुद्धांनी यासाठी दोन बाणांची उपमा दिली आहे. पहिल्या बाणावर आमच्याकडे औषध आहे. दुसऱ्यासाठी आनापान करून पाहा.

पाठ ताठ ठेवून बसा. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालते. डोळे मिटा. नाकपुड्यांशी श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढेच जाणत राहा. तो लांबवू किंवा रोखू नका; हा प्राणायाम नव्हे. मन लाइट बिलाकडे, सुनेच्या बोलण्याकडे जाईल. जाणारच. लक्षात आले की श्वासावर परत या. हे परत येणे हाच सराव आहे, त्यामुळे 'माझे मन लागत नाही' म्हणून सोडू नका. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ 10 मिनिटे पुरेत. हळूहळू राग चढताना आधीच ओळखू येतो आणि घरात एखादे भांडण टळते.

इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रांतले विपश्यना शिबिर मात्र 10 दिवसांचे, मौनाचे असते. तीव्र नैराश्य, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. अर्जात आजार लपवू नका.

मन शांत झाले म्हणून बीपीची किंवा नैराश्याची गोळी स्वतःहून बंद करू नका. वाढलेले बीपी बहुधा जाणवतच नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर ध्यानावर विसंबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानसला 14416 वर फोन करा.