ऑर्कांचे कूळ आणि काइनची खूण

काही वर्षांपूर्वी वांद्र्यातील आमच्या धर्मग्रामात युवकांची एक सभा होती. सभा संपता संपता एका मुलाने हात वर करून विचारले, "फादर, ऑर्कांना तारण आहे का?" 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीवरील चित्रपट त्याने पाहिले होते. त्यांतील दात विचकणाऱ्या, हजारोंच्या संख्येने चालून येणाऱ्या आणि तितक्याच संख्येने कापल्या जाणाऱ्या जीवांविषयी तो विचारत होता. सभेत हशा पिकला, मीही हसलो. परंतु हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. ज्या लेखकाने हे जीव निर्माण केले, त्यालाही त्याने अखेरपर्यंत स्वस्थता लाभू दिली नाही.

जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्डचे भाषापंडित आणि निष्ठावंत कॅथॉलिक. त्यांच्या आईने १९०० साली, नातलगांचा रोष पत्करून, कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारली. १९०४ साली ती वारल्यावर फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी या पोरक्या मुलाचा सांभाळ केला. पुढे 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) या ग्रंथांतून टोल्किन यांनी एक संपूर्ण पुराणसृष्टी उभी केली. ऑर्क हे तिच्यातील दुष्टांचे सैन्य.

या सैन्यातही जाती आहेत, हे विशेष. डोंगराखालच्या बोगद्यांत राहणारे, यंत्रे आणि हत्यारे घडविण्यात निपुण असे गॉब्लिन. अंधाराच्या राज्यातील, लाल डोळ्याचे चिन्ह मिरविणारे मॉर्डोरचे ऑर्क. वास घेत माग काढणारे ठेंगणे, काळे ऑर्क. आणि धिप्पाड, उन्हालाही न भिणारे उरुक-हाय. बलवान उरुक आपल्याहून दुबळ्यांना 'स्नागा' म्हणतात. त्याचा अर्थ गुलाम. फितूर झालेल्या सारुमानने तर माणूस आणि ऑर्क यांचा संकर घडवून आणला. जे सारे मिळून तुडविले जातात, त्यांच्यातही कोणी वर आणि कोणी खाली असावे, ही गोष्ट आम्हा भारतीयांना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

'ऑर्क' हा शब्द टोल्किन यांनी प्राचीन इंग्रजीतून उचलला. त्या भाषेतील 'बेवुल्फ' या काव्यात याच धातूच्या नावाचे भीषण जीव येतात आणि कवी त्या सर्वांना काइनची संतती ठरवितो. भावाच्या रक्ताने ज्याचे हात माखले, त्याच्या वंशात राक्षस जन्मले! कल्पना प्रभावी आहे. परंतु उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा येथे थांबत नाही. भेटेल तो आपल्याला ठार करील, या भयाने काइन आक्रोश करतो, तेव्हा देव त्याच्यावर एक खूण करतो. ती खूण शापाची आहे, असे आपण बोलताना सर्रास समजतो. वस्तुतः कोणी त्याला मारू नये, म्हणून केलेली ती खूण आहे.

टोल्किन यांची अडचण नेमकी येथे होती. सैतान आणि त्याचे दूतही देवाने मुळात चांगलेच निर्माण केले, ते स्वतःच्या करणीने दुष्ट झाले, असे १२१५ च्या चौथ्या लॅटेरन धर्मपरिषदेने स्पष्ट केले आहे. वाईट म्हणजे स्वतंत्र पदार्थ नव्हे, तर चांगल्याचा अभाव, हे त्याआधी संत ऑगस्टीन यांनी शिकविलेच होते. मग समूळ दुष्ट असा वंश कोठून येणार? अंधाराला नवे काही निर्माण करता येत नाही, त्याला केवळ विडंबन करता येते, असे टोल्किन यांनी कादंबरीतच वदविले आहे. ऑर्क हे बंदिवान करून, छळून भ्रष्ट केलेले एल्फ असावेत, असे 'सिल्मरिलियन' (१९७७) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सुचविले आहे. नंतरच्या टिपणांत ते कधी भ्रष्ट माणसांकडे वळतात, कधी पशूंकडे. निर्णय होत नाही. ऑक्सफर्डच्या एका कॅथॉलिक पुस्तकविक्रेत्याला लिहिलेल्या १९५४ च्या पत्राच्या मसुद्यात मात्र, ऑर्कांना उद्धारापलीकडचे म्हणणे फार होईल, असे त्यांनी मान्य केले आहे. कादंबरीत दोन ऑर्क शिपाई रात्री बोलत बसतात. बड्या धन्यांपासून दूर पळून जावे आणि चार सोबत्यांसह आपले आपण राहावे, असे त्यांच्या मनात आहे. त्यांच्या मनोराज्यात लुटालूट आहेच. पण ती ओळ वाचताना राक्षस क्षणभर शिपाईगडी होतो.

राक्षसांचे असे वर्गीकरण आपल्या कोकणपट्टीला नवे नाही. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकरवी लोकसमजुतींची माहिती गोळा करविली. १९०९ साली त्यांचा खून झाल्यावर ते काम एन्थोव्हन यांनी पुढे नेले आणि १९२४ साली मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. भुतांची ही यादी सावकाश वाचून पाहावी. मुंज्या हा मुंज होऊन लग्नाआधी वारलेला ब्राह्मणपुत्र. हडळ ही बाळंतपणात मेलेली स्त्री. लावसट ही विधवा. गिऱ्हा हा पाण्यात बुडालेला. 'खवीस' हा तर दुष्ट या अर्थाच्या 'खबीस' या अरबी शब्दापासून आलेला; ते मुसलमानाचे भूत, अशी समजूत अनेक ठिकाणी होती. ही यादी पाताळातील नव्हे, आपल्याच आळीतील आहे. ज्यांना जिवंतपणी सुख लाभले नाही आणि ज्यांना आपण परके मानले, त्यांनाच मेल्यावर आपण भयानक रूप दिले.

या दोषातून आम्ही ख्रिस्ती लोकही सुटलो नाही. गोव्यातील हिंदू घरांत 'देवचार' हा रात्री गावाची राखण करणारा पाठीराखा. तेथील ख्रिस्ती कोकणीत तोच शब्द सैतानाला लावला जातो. मूर्तिपूजा नाकारणे हा श्रद्धेचा भाग झाला. पण शेजाऱ्याचा राखणदार आपला सैतान ठरला, की शेजाऱ्याकडे पाहण्याची आपली दृष्टीही बदलते, हे विसरू नये.

आणि हे केवळ जुन्या काळापुरते नाही. १९९२–९३ च्या दंगलीत वांद्र्याच्या पूर्वेस बेहरामपाड्याच्या परिसरात घरे जळाली, माणसे मेली. अशा दिवसांत प्रथम तोंडी भाषा बदलते: शेजाऱ्याचे नाव जाते, 'ते लोक' उरतात, मग चाकू निघतो. त्याच वांद्र्यात सप्टेंबरच्या जत्रेला मोतमाउलीच्या टेकडीवर सर्व धर्मांचे लोक मेणाचे हात, पाय, घरे घेऊन रांगेत उभे राहतात. तेथे प्रत्येकाच्या हातातील मेण एकच असते, आणि प्रत्येकाची भीतीही.

त्या मुलाला मी तेव्हा एवढेच म्हणालो, "विचार करून सांगतो." उत्तर द्यायला उशीर झाला; ते येथे देतो. बाळा, ऑर्क कल्पनेतले आहेत, त्यांच्या तारणाची चिंता त्यांच्या कर्त्याने पुरेशी केली. परंतु देवाच्या सृष्टीत ऑर्क नावाची जात नाही. कोणी एखाद्या माणसाकडे बोट दाखवून तो त्या जातीचा आहे असे तुला सांगू लागला, तर काइनच्या कपाळावरची ती खूण आठव, आणि ती कोणी केली होती तेही आठव.