दिनविशेष : १० ऑक्टोबर – 'किंग क्रिम्सन'चा पहिला अल्बम

१९६९ साली आजच्या दिवशी 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग' हा अल्बम ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. 'किंग क्रिम्सन' या रॉक बँडला जेमतेम वर्ष होत आलेले. जुलैमध्ये लंडनच्या हाइड पार्कात 'रोलिंग स्टोन्स'च्या आधी लाखोंच्या गर्दीपुढे वाजवून त्याने नाव कमावले होते.

गाणी पाचच, पण प्रत्येक सहा मिनिटांहून मोठे. रॉबर्ट फ्रिपची धारदार गिटार, मायकेल जाइल्सचे चपळ ड्रम, ग्रेग लेकचा भरदार आवाज आणि इयन मॅकडोनाल्डचे मेलोट्रॉन! या वाद्याची कळ दाबली की आत व्हायोलिन किंवा बासरीची ध्वनिमुद्रित फीत काही सेकंद फिरते. 'एपिटाफ' ऐकताना मागे उभा राहणारा अथांग सूर तिचाच. तो आजही अंगावर काटा आणतो.

हाच पहिला प्रोग्रेसिव्ह रॉक (म्हणजे इतर संगीतप्रकारांशी सांगड घालणारा रॉक) अल्बम का, यावर चाहते अजून हिरिरीने भांडतात. काही जण 'मूडी ब्लूज' या बँडच्या १९६७च्या 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड'चे नाव घेतात. त्यात ऑर्केस्ट्रा आणि रॉक शेजारी शेजारी बसतात. 'क्रिम्सन किंग'मध्ये मात्र जॅझ, अभिजात संगीत आणि रॉक एकजीव होतात. म्हणून मान याच अल्बमचा.

मुखपृष्ठावरचा किंचाळणारा चेहरा बॅरी गॉडबर या तरुणाने रंगवला. फेब्रुवारी १९७० मध्ये, वयाच्या अवघ्या २४व्या वर्षी तो गेला. तोवर मॅकडोनाल्ड आणि जाइल्स बँडमधून बाहेर पडले होते. लेकही लवकरच 'इमर्सन, लेक अँड पामर'मध्ये गेला. फ्रिपने मात्र नवनवे वादक जमवत बँड चालू ठेवला.