जेरीमँडर

विशिष्ट पक्षाला वा समाजगटाला निवडणुकीत लाभ अथवा हानी व्हावी, या हेतूने मतदारसंघांच्या सीमा कृत्रिम रीतीने आखण्याच्या प्रकारास ही संज्ञा आहे. त्यात दोन युक्त्या प्रामुख्याने योजितात : विरोधी मतदार अनेक मतदारसंघांत विखरून त्यांना सर्वत्र अल्पमतात ठेवणे, किंवा त्यांना मोजक्या मतदारसंघांत एकवटून त्यांची अतिरिक्त मते निरुपयोगी करणे.

अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्याचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याने फेब्रुवारी १८१२ मध्ये राज्याच्या सीनेटच्या मतदारसंघांची पुनर्रचना करणाऱ्या विधेयकावर स्वाक्षरी केली. ही रचना त्याच्या डेमॉक्रॅटिक-रिपब्लिकन पक्षाला सोयीची होती. एसेक्स परगण्यातील एका वेड्यावाकड्या मतदारसंघाला पंख व नखे जोडून काढलेले व्यंगचित्र बॉस्टन गॅझेटने २६ मार्च १८१२ रोजी छापले. सॅलॅमँडर या सरड्यासारख्या उभयचर प्राण्याच्या नावाशी गेरीचे नाव जोडून हा शब्द तयार झाला. (आडनावाचा उच्चार ‘गेरी’ असला, तरी संज्ञा ‘जेरीमँडर’ अशीच रूढ झाली.) त्या वर्षी गेरी स्वतः पराभूत झाला, परंतु फेडरॅलिस्ट पक्षाला एकंदर मते अधिक पडूनही सीनेटच्या ४० पैकी २९ जागा गेरीच्या पक्षाकडे गेल्या.

सीमा मुद्दाम वाकविल्यानेच अन्याय होतो असे नाही. त्या न बदलल्यानेही तो होतो. टेनेसी राज्याने १९०१ नंतर साठ वर्षे जागांची फेरवाटणी केली नाही. दरम्यान शहरे वाढली. पण विधिमंडळात वर्चस्व राहिले ते ग्रामीण भागाचे. ज्यांना बदलाने जागा गमवाव्या लागणार, त्यांच्याच हाती बदलाचा अधिकार असल्याने तेथे दाद मागणे व्यर्थ होते. न्यायालयांनीही १९४६ च्या कोलग्रोव्ह खटल्यापासून हा राजकीय प्रश्न मानून अंग काढून घेतले होते. अखेर बेकर विरुद्ध कार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे वाद न्यायप्रविष्ट होऊ शकतात, असा निर्णय दिला. त्याची तारीख २६ मार्च १९६२, म्हणजे त्या व्यंगचित्रानंतर बरोबर दीडशे वर्षांनी, हा योगायोगच. ॲलाबॅमा राज्यात सीनेटच्या मतदारसंघांतील लोकसंख्येचे प्रमाण ४१ : १ पर्यंत विषम होते. तेथील रेनल्ड्झ विरुद्ध सिम्स खटल्यात (१९६४) राज्यांच्या दोन्ही सभागृहांना समान लोकसंख्येचे तत्त्व लागू करण्यात आले.

वांशिक हेतूचा प्रश्न त्यापूर्वीच निकालात निघाला होता. ॲलाबॅमाच्या विधिमंडळाने १९५७ मध्ये टस्कीगी शहराची चौरस हद्द बदलून ती अठ्ठावीस बाजूंची केली. त्यामुळे सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी जेमतेम चार-पाच शहरात उरले. गोऱ्यांपैकी एकही बाहेर गेला नाही. गोमिल्यन खटल्यात (१९६०) न्यायालयाने अशी हद्दबदल घटनाविरोधी असल्याचा निर्णय दिला.

पक्षीय हेतू मात्र न्यायाच्या कक्षेबाहेरच राहिला. लोकसंख्येची समता आकड्यांनी सिद्ध करता येते. पक्षीय लाभ किती झाला म्हणजे तो अन्याय ठरतो, हे सांगणारे सर्वमान्य माप नाही. शिवाय संगणकामुळे समान लोकसंख्येचे, पण पूर्णतः पक्षपाती मतदारसंघ आखणे सोपे झाले. नॉर्थ कॅरोलायनात २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाने सुमारे ५३ टक्के मतांवर काँग्रेसच्या १३ पैकी १० जागा जिंकल्या. तरीही रूचो खटल्यात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे वाद संघीय न्यायालयांच्या कक्षेत येत नाहीत, असे ठरविले. प्रस्तुत लेखकाच्या मते यातील अडचण खरी असली, तरी न्यायालयाने दाखविलेला राज्यांच्या कायद्यांचा व आयोगांचा मार्ग पुरेसा नाही. कॅलिफोर्नियाने २००८ च्या सार्वमताने सीमानिश्चितीचे काम नागरिकांच्या आयोगाकडे सोपविले होते. २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता रिपब्लिकन पक्षाला अनुकूल अशी नवी रचना करताच, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयोगाचा काँग्रेससाठीचा नकाशा २०३० पर्यंत बाजूस ठेवून डेमॉक्रॅटिक पक्षाला सोयीचा नकाशा संमत केला.