गूढ शब्दकोडे

गूढ शब्दकोडे (प्रचलित नाव क्रिप्टिक क्रॉसवर्ड) हा शब्दकोड्याचा एक प्रकार आहे. साध्या शब्दकोड्यात संकेत म्हणजे उत्तराचा समानार्थी शब्द किंवा छोटे वर्णन असते. गूढ शब्दकोड्यातील संकेत वरवर पाहता एक सरळ वाक्य असते, परंतु त्या वाक्याचा अर्थ आणि उत्तर यांचा बहुधा काहीच संबंध नसतो. उत्तर त्या वाक्यातील अक्षरांत आणि श्लेषांत दडवलेले असते. मराठी दैनिकांतील शब्दकोडी बहुतांशी साध्या प्रकारची असल्याने मराठी वाचकाची या प्रकाराशी पहिली ओळख सहसा इंग्रजी वृत्तपत्रातून होते. मात्र यातील बहुतेक क्लृप्त्या मराठीतही चालतात आणि काही तर इंग्रजीपेक्षा अधिक स्वच्छ बसतात. या लेखातील उदाहरणे पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांच्या परिसरातील नावे व वस्तू घेऊन रचली आहेत.

संकेताची रचना

गूढ संकेताचे दोन भाग असतात. एक भाग उत्तराची व्याख्या करतो आणि दुसरा भाग, म्हणजे शब्दखेळ, तेच उत्तर वेगळ्या वाटेने बांधून देतो. व्याख्या नेहमी संकेताच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, मध्ये कधीच नसते. नवशिक्याने हा एक नियम पक्का धरला तरी निम्मे काम होते. शेवटी कंसात दिलेला आकडा उत्तरातील अक्षरांची, म्हणजे चौकटींची संख्या सांगतो.

समजा संकेत असा आहे: संक्रांतीला लुटतात ते, मग खेडे: डहाणू रोडच्या दक्षिणेचे स्थानक (४). ‘डहाणू रोडच्या दक्षिणेचे स्थानक’ ही व्याख्या. संक्रांतीला लुटतात ते ‘वाण’, खेडे म्हणजे ‘गाव’. दोन्ही जोडून वाणगाव. याला जोडशब्दाचा संकेत म्हणता येईल. पालघर हे नावही ‘पाल’ आणि ‘घर’ असे सहज सुटते.

यापुढची पायरी म्हणजे जोडण्याआधी एखादे अक्षर गाळणे. शेवट नसलेला तलाव आणि पावसाच्या धारा: गुजरातच्या सीमेवरचा तालुका (४). ‘तलाव’मधील शेवटचे अक्षर गेले की ‘तला’ उरते. पावसाच्या धारा म्हणजे ‘सरी’. उत्तर तलासरी. ‘शेवट नसलेला’ हा येथे खूणशब्द आहे: अक्षरांचे काय करायचे हे तो सांगतो. गूढ शब्दकोडे सोडवणे म्हणजे मुख्यतः असे खूणशब्द ओळखायला शिकणे.

‘विस्कटलेले’, ‘गोंधळलेले’, ‘मोडके’ यांसारखे शब्द अक्षरांची उलथापालथ सुचवतात. विस्कटलेले कमल चिकूच्या बागेत लावतात (३) या संकेतात क, म, ल ही अक्षरे नव्याने मांडली की ‘कलम’ मिळते. ‘उलटे’, ‘माघारी’, उभ्या शब्दांसाठी ‘वर चढणारे’, हे उलट क्रमाचे खूणशब्द होत: उलटे काम? भाजून खायचे कणीस! (२) याचे उत्तर ‘मका’. विरामचिन्हे केवळ दिशाभूल करण्यासाठी असतात, त्यांकडे दुर्लक्ष करावे.

‘आत’, ‘पोटात’, ‘दडलेले’ हे शब्द दिसले तर उत्तर सलग अक्षरांत जसेच्या तसे उभे असण्याची शक्यता असते. आता रपारप पाऊस; आत वारल्यांचे वाद्य (३). पहिले दोन शब्द मधली जागा काढून वाचले की ‘तारपा’ दिसतो. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून बनणारे हे फुंकवाद्य आहे. ‘आत’ म्हटल्यावर एक शब्द दुसऱ्यात बसवायचाही असू शकतो: वालीच्या अंतरी रघुपतीचा आरंभ, भिंती बोलक्या करणारी जमात (३). रघुपतीचा आरंभ म्हणजे ‘र’. तो ‘वाली’च्या मध्ये ठेवला की वारली. रामायणाशी उत्तराचा संबंध नाही. तसा तो आहे असे वाटावे हीच रचनाकाराची इच्छा.

सर्वांत लहान आणि अनेकदा सर्वांत अवघड प्रकार श्लेषाचा. त्यात शब्दखेळ नसतो, दोन व्याख्या शेजारी ठेवलेल्या असतात. कंजूष फळ (२) हा संकेत डहाणूच्या वाचकाला क्षणात सुटेल, कारण बोलीत हात आखडणाऱ्या माणसाला ‘चिकू’च म्हणतात.

मराठीतील विशेष अडचणी

इंग्रजी कोड्याचे एकक सुटे वर्ण असते. मराठीत मात्र काना-मात्रा-वेलांटीसह पूर्ण अक्षर एका चौकटीत बसते. डहाणू तीन चौकटींचे, बोर्डी दोन चौकटींचे, कारण ‘र्डी’ हे जोडाक्षर फोडता येत नाही. त्यामुळे उलथापालथीत अक्षरासोबत त्याची मात्राही हलते. ‘काम’ उलटल्यावर काना ‘म’वर जात नाही. मात्रा सुट्या धरून रचलेले कोडे कल्पनेत शक्य आहे, परंतु सोडवणाऱ्यासाठी ते जवळजवळ असाध्य होईल.

विभक्तीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मराठीत प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते. ‘तलाव’ला ‘च्या’ लागला की ‘तलावाच्या’ होते, आणि मूळ शब्द संकेतात जसाच्या तसा राहत नाही. ज्या शब्दाची अक्षरे प्रत्यक्ष वापरायची तो प्रत्ययरहित ठेवणे हे चांगल्या रचनाकाराचे लक्षण मानावे. वर ‘वालीच्या’ चालून गेले ते वाली हे नाव प्रत्ययापूर्वी बदलत नाही म्हणून. लिंगवचनही सोडवणाऱ्याच्या मदतीला येते, कारण व्याख्येतील विशेषणाचे लिंग उत्तराशी जुळावेच लागते.

ल आणि ळ यांचा भेद तर परीक्षाच पाहतो. ‘कलम’च्या संकेतात कमलऐवजी ‘कमळ’ लिहिले असते तर तो चुकीचा ठरला असता. घोलवड या गावासाठी ‘घोळ’ मासा आणि ‘वड’ जोडण्याचा मोह किनाऱ्यावरच्या कोणालाही होईल, परंतु उच्चार बदलल्याचा खूणशब्द (उदाहरणार्थ ‘बोबडा’) दिल्याशिवाय ते न्याय्य नाही. इंग्रजीत विपुल असलेले समोच्चारी संकेत मराठीत फारसे जमत नाहीत, कारण लेखन बरेचसे उच्चारानुसार चालते. दिन-दीन यांसारख्या ऱ्हस्वदीर्घाच्या जोड्या हा त्यातला अपवाद.

इतिहास

आर्थर विन यांचे पहिले आधुनिक शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’मध्ये छापले गेले. गूढ प्रकार मात्र इंग्लंडमध्ये वाढला. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६पासून एडवर्ड पॉइस मॅथर्स हे ‘टॉर्कमाडा’ या नावाने कोडी रचत. त्यांचे उत्तराधिकारी ‘झिमेनीझ’ (डेरिक मॅकनट) यांनी १९६६च्या ग्रंथात न्याय्य संकेताचे नियम मांडले. भारतात ‘द हिंदू’ने १९७१मध्ये असे कोडे सुरू केले.

शब्दांत उत्तर लपवण्याची आवड मात्र येथे जुनी आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांत प्रहेलिकेची गणना होते आणि दंडीच्या ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. मराठीत संतांचे कूट अभंग, घरोघरचे उखाणे आणि ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले मोरोपंतांचे ‘निरोष्ठ रामायण’ याच वृत्तीचे. फरक इतकाच की उखाण्याला आणि कूटाला उत्तराची दुसरी, पडताळणीची वाट असेलच असे नाही.

बक्षीस कोडी आणि कायदा

ही पडताळणी केवळ रसिकतेची बाब नाही, याचे उदाहरण मुंबई राज्यातच घडले. स्वातंत्र्याच्या आसपास मोठ्या बक्षिसांची शब्दकोडी लोकप्रिय होती. त्यांतील अनेक संकेतांना दोन शब्द सारखेच लागू पडत. बक्षीस मात्र आयोजकांनी आधी ठरवलेल्या शब्दालाच मिळे. मुंबई राज्याने १९४८च्या कायद्यात १९५२मध्ये दुरुस्ती करून राज्याबाहेर छापलेल्या वृत्तपत्रांतील स्पर्धांवरही नियंत्रण व कर लागू केला. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातून कोडी चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला यांनी त्याला आव्हान दिले. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी स्पर्धा जुगारासारखी असून तिला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय राज्याच्या बाजूने दिला.

केंद्राच्या १९५५च्या बक्षीस स्पर्धा कायद्यानुसार महिन्याला एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धांना बंदी घालण्यात आली आणि परवान्याने चालणाऱ्या स्पर्धेत २,०००हून अधिक प्रवेशिका घेता येत नसत. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने हा कायदा ज्यांचे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नाही अशाच स्पर्धांना लागू असल्याचे स्पष्ट केले.