राजकीय संज्ञापनाचा अभ्यास आणि सुपा परिसर

राजकीय संज्ञापन : सत्ता, माध्यमे आणि मतदार एकमेकांशी कसे बोलतात, याचा शोध घेणारी पत्रकारिता व राज्यशास्त्र यांच्या सीमेवरची ज्ञानशाखा. पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग (रानडे इन्स्टिट्यूट) १९६४ पासून पत्रकारितेचे अध्यापन करीत आहे. या शाखेची उत्तम अभ्याससामग्री पुणे–नगर महामार्गावरच्या सुपा (ता. पारनेर, जि. अहिल्यानगर) परिसरात आहे आणि अभ्यासाची सुरुवात दिल्लीतून न करता तालुक्यातून करावी, असे मानायला येथे सबळ आधार सापडतो. ५ एप्रिल २०११ रोजी समाजसेवक अण्णा हजारे लोकपाल कायद्यासाठी दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले. ते आंदोलन वृत्तवाहिन्यांनीच उभे केले, असे तेव्हापासून बोलले जाते. वाहिन्यांनी ते घरोघरी नेले, हे खरेच. पण हजारे १९७५ मध्ये याच परिसरातील आपल्या गावी, राळेगणसिद्धीला, परतले, तेव्हापासून यादवबाबा मंदिर, दारूबंदी, पाणलोटाची कामे आणि ग्रामसभा यांतून त्यांच्या शब्दाला वजन येत गेले होते. महाराष्ट्राच्या २००२ च्या माहिती अधिकार कायद्यामागेही त्यांच्या आंदोलनाचा रेटा होता. कॅमेरे आले ते या साऱ्यानंतर.

एका तालुक्यावरून सिद्धान्त कसा मांडणार, हा आक्षेप रास्त वाटतो; परंतु या शाखेचा पायाच तसा घातला गेला आहे. पॉल लाझार्सफेल्ड व सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतील ईरी या एकाच काउंटीत सुमारे ६०० मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारले. वृत्तपत्र-रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसांचे बोलणे अधिक परिणाम करते, हा १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष त्यातूनच निघाला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : राळेगण हे अपवादात्मक गाव असून तेथील एकमत नैतिक दराऱ्यातून आलेले आहे. अभ्यासक मुकुल शर्मा यांनी हजारेंच्या या नैतिक अधिकाराची, विशेषतः दलितांच्या बाजूने, कठोर चिकित्सा केली आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. मात्र त्यामुळे हे क्षेत्र बाद होत नाही. ग्रामसभेत हात कोण वर करतो, मागच्या रांगेत कोण गप्प बसतो, हे तेथे बसूनच टिपावे लागते.

जिल्ह्याची छापील बाजूही तितकीच समृद्ध आहे. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरहून निघाले. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये सुरू केलेले ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र पुढे अनेक वर्षे नेवासे तालुक्यातील तरवडीहून निघत असे. आज तालुक्याचा बातमीदार बऱ्याचदा बातमीबरोबर जाहिरातही आणतो. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी उघडावी : वर मोठा फोटो, कडेने शुभेच्छुकांचे छोटे चौकोन आणि त्यांत सरपंच, सोसायटीचे चेअरमन, ठेकेदार. कोणाचा चौकोन केवढा आणि कोणाचे नाव यंदा गळले, यावरून तालुक्यातले गट वाचता येतात. राजकीय संज्ञापनाचा हा अस्सल दस्तऐवज आठवडाभरात रद्दीत जातो. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी या पुरवण्या, प्रचारपत्रके आणि ग्रामसभांची इतिवृत्ते तारीखवार जपली, तर पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी दिल्लीच्या वाहिन्यांच्या चित्रफिती धुंडाळत बसावे लागणार नाही.