क्रोशाची आकडी आणि दुष्काळातील चूल

क्रोशाचे विणकाम शिकू इच्छिणाऱ्या मुलीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सुई कोणती घ्यावी आणि धागा कोणता? या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने एकदा फार कठोर परीक्षा घेऊन दिले आहे. स्थळ आयर्लंड, आणि काळ दुष्काळाचा.

सन १८४५ मध्ये तेथील बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गोरगरिबांचे मुख्य अन्न तेच. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व साथींनी मेली, आणि जवळजवळ तितकीच देशोधडीस लागली. अशा समयी काही जोगिणींच्या मठांनी व सुशिक्षित स्त्रियांनी गरीब बायकामुलींस क्रोशाची लेस विणावयास शिकविले. क्लोन्स गावी तेथील धर्मोपदेशकाच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी सन १८४७ मध्ये हा उद्योग सुरू केला.

हीच कला का निवडली गेली? फिरक्यांच्या लेसला उशी, टाचण्या व डझनावारी फिरक्या लागत. शिवणसुईच्या लेसला वेळ अपार लागे. क्रोशास एक आकडी व एक धागा पुरे. 'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी लहान आकडी. जिला तीही विकत घेणे परवडत नसे, ती तारेचे टोक वाकवून लाकडाच्या मुठीत बसवी. शिवाय गुलाब व पाने सुटी विणून मागाहून जाळीने जोडली जात. त्यामुळे एकीने फूल आणि दुसरीने पान, अशी कामाची वाटणी करता येई.

परंतु साधेपणा म्हणजे हयगय नव्हे. आकडी खडबडीत असली तर टाक्याटाक्याला धागा अडतो. धाग्याचा पीळ सैल असला तर ती धाग्याच्या पोटातच शिरते. सन १८५० मध्ये जॉन मर्सर यांनी कॉस्टिक सोड्याने सूत बळकट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. पुढे सन १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी तेच सूत ताणून धरून त्यास तकाकी आणली. आपला मर्सराइज्ड धागा तो हाच.

तेव्हा नवशिक्या मुलीने प्रथम घट्ट पिळाचा, मध्यम जाडीचा, फिकट रंगाचा सुती धागा घ्यावा. गडद रंगात टाके नीट दिसत नाहीत. धाग्याचा अंक जितका मोठा तितका तो बारीक, हे ध्यानात ठेवावे. बारीक धाग्यास पोलादी सुई, लोकरीस जाड लाकडी किंवा ॲल्युमिनियमची. साखळी एकसारखी येऊ लागली की मुका खांब, मग खांब.

क्रोशाने आयर्लंडचा दुष्काळ हटविला नाही. विणणारीची मजुरी श्रीमंतांच्या हौसेवर हेलकावत राहिली. परंतु शेत बुडाले तेथे अनेक घरांची चूल मुलीच्या हातातील त्या आकडीने पेटती ठेवली. साहित्य थोडे असावे, पण ते नेटके असावे, एवढाच धडा त्यातून घ्यावयाचा.