नळदुर्गचे रणगाडे

जुनी लष्करी जीप नव्याने उभी करणारे हौशी लोक मूळ रंग, मूळ नट-बोल्ट यांसाठी हट्ट धरतात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातले जुने रणगाडे पाहताना मला तो हट्ट पटला, आणि आमचे नळदुर्ग आठवले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल चौधरी यांच्या फौजा रणगाड्यांसह सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरल्या. नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती आले. पाच दिवसांत हैदराबाद शरण आले. रझाकारांच्या जाचाने पिचलेले लोक सुटले. दर १७ सप्टेंबरला वर्गात मी हे रंगवून सांगत असे.

पुढचे मात्र गाळत असे. त्यानंतरच्या हिंसाचारात हजारो मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, धरला. लहानपणी वडीलधाऱ्यांच्या कुजबुजीतून हे कानावर आले होते. तरी वर्गात कधी बोललो नाही.

एक बोल्ट नकली निघाला तर हौशी माणसाला चैन पडत नाही. मी तर मुलांना अर्धीच गाडी दाखवली. त्यांतले कुणी हे वाचत असेल, तर बाळांनो, उरलेली अर्धी ही.